ग्रॅव्हल सायकलिंग: जिरोना की किआंती?

ग्रॅव्हल सायकलिंग म्हणजे कच्च्या, खडीच्या वाटांवर सायकल चालवणं. त्यात गाड्यांची वर्दळ अजिबात नको असेल, तर मी स्पेनच्या कॅटलोनियातलं जिरोना निवडेन. ओलोत ते जिरोना हा सुमारे 54 किलोमीटरचा मार्ग जुन्या अरुंद रुळांच्या रेल्वेचा आहे. ती 1969 मध्ये बंद पडली आणि तिच्या वाटेवर आता सायकली व पायी चालणारे दिसतात. रेल्वेला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून आजूबाजूला डोंगर असूनही उतार अगदी सौम्य. ओलोतहून निघावं. ज्वालामुखींच्या टेकड्यांतून सुरुवातीची छोटी चढण संपली, की जिरोनापर्यंत बहुतेक उतारच. मुलं, आईवडील सोबत असतील तर हाच मार्ग. पाय शिल्लक असतील तर पुढे समुद्रकाठच्या सान फेलियूपर्यंत आणखी सुमारे 40 किलोमीटर जाता येतं, तेही जुन्या रेल्वेवाटेनेच.

इटलीच्या टस्कनीतल्या किआंतीची गोष्ट वेगळी. तिथले पांढरे कच्चे रस्ते वाहनांना खुले आहेत. गाडी क्वचित येते, पण आली की धुळीचा लोट उठतो. हे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, या तळमळीतून 1997 मध्ये गायोले गावी 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. तिचा 209 किलोमीटरचा मार्ग खुणांसह वर्षभर खुला असतो. चढ मात्र दम काढतात. सिएनाजवळ ले तोल्फेचा चढ 18 टक्क्यांपर्यंत जातो. 40 मिलिमीटर रुंदीचे टायर आणि हलके गिअर हवेतच. ब्रोलिओच्या किल्ल्याकडे सायप्रसच्या झाडांच्या रांगांमधून चढताना जे दिसतं, ते रेल्वेच्या सपाट वाटेवर मिळत नाही. जुलै-ऑगस्टचं ऊन दोन्हीकडे टाळा.