अँकीवर फिनिश वर्ष-महिने : डेक स्वतःच बनवा

फिनिशमधले काळवेळेचे शब्द पक्के करायला अँकीसारखं, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या कार्डांची पुन्हा पुन्हा उजळणी करून घेणारं, दुसरं ॲप नाही, पण तयार डेक (कार्डांचा संच) उतरवून घेतलात तर निम्मा फायदा गेला. त्यात सहसा ‘वुओसी = वर्ष’ एवढंच कार्ड असतं. बोलताना हे मूळ रूप क्वचितच येतं. दोन वर्षं म्हणजे ‘काक्सी वुओत्ता’, वर्षभरात ‘वुओदेस्सा’ आणि 1917 साली म्हणजे ‘वुओन्ना 1917’. तेव्हा कार्ड सुट्या शब्दाचं नको, दोन-तीन शब्दांच्या तुकड्याचं हवं.

त्यासाठी ‘क्लोझ’ हा गाळलेल्या जागांचा प्रकार निवडा आणि फक्त प्रत्यय झाका. खरी मेख तिथेच आहे : सोमवारी ‘मानन्ताइना’, गेल्या आठवड्यात ‘वीमे वीकोल्ला’, जानेवारीत ‘ताम्मिकूस्सा’, पुढच्या वर्षी ‘एन्सी वुओन्ना’. वाराला ना, आठवड्याला ल्ला, महिन्याला स्सा, वर्षाला परत ना. हे रुक्ष वाटेल, पण आपलंच बघा : सोमवारी, वर्षी यांना ‘ई’ आणि जानेवारीत, आठवड्यात यांना ‘त’. वार आणि वर्ष दोन्ही भाषांत एकाच पंगतीला बसतात, वेगळा पडतो तो फक्त आठवडा. ही जोडी एकदा दिसली की प्रत्यय आपोआप लक्षात राहतात.

उलटी कार्डं, म्हणजे मराठीवरून फिनिश, करताना ‘परवा’ नुसतं लिहू नका. गेलेला परवा ‘तोइस्सापॅइवॅनॅ’, येणारा ‘युलिहुओमेन्ना’. प्रश्नच दुहेरी असेल तर उत्तर चुकत राहतं आणि आठ चुकांनंतर चांगल्या कार्डावर ‘लीच’चा, म्हणजे वारंवार चुकणाऱ्या कार्डाचा, शिक्का बसतो. घड्याळाच्या कार्डांवर मराठी शब्दाऐवजी चित्र लावा. ‘पुओली नेल्यॅ’ म्हणजे शब्दशः अर्धा चार, पण वेळ साडेतीनची. आपलं ‘साडे’ झालेल्या तासावर चढतं, फिनिश येणाऱ्या तासाकडे बघतं.

कार्डावर फिनिश तिच्याच लिपीत, स्वरांवरच्या दोन टिंबांसकट लिहा. टिंबं गाळली की स्वरच बदलतो.

संगणकावर आणि अँड्रॉइडवर अँकी फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. रोजची नवी कार्डं मुळात 20 वर लावलेली असतात. ती पाच-सहावर आणा. वुओदेन, वुओत्ता, वुओतेएन ही ‘वुओसी’चीच रूपं एकाच दिवशी आली तर तिन्ही एकमेकांत मिसळतात.