ताळ्याच्या खुणांचा लाकडी संच: काड्या उत्तम, कार्डे नकोत

ताळ्याच्या खुणा म्हणजे मोजताना पाचापाचाचे गठ्ठे करत ओढायच्या रेघा (टॅली मार्क्स). त्या शिकवण्यासाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या शैक्षणिक साहित्याच्या दुकानात मिळणाऱ्या या संचात २४ साध्या काड्या, ६ लाल काड्या, पुसता येणारी कार्डे आणि एक मार्कर आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी घ्यावा का? काड्यांसाठी जरूर.

काड्यांचे प्रमाण विचार करून ठेवले आहे. चार साध्या उभ्या, पाचवी लाल त्यांच्यावर तिरकी, असे बरोबर सहा गठ्ठे होतात. तीन-चार वस्तू नजरेनेच कळतात, त्यापुढे मोजावे लागते. तिरकी काडी नेमकी तिथेच येते, म्हणून ही पद्धत मुलांना लवकर जमते.

हमखास होणारी चूक म्हणजे पाच उभ्या मांडून सहावी तिरकी ठेवणे. ‘पाचाचा गठ्ठा’ ऐकले की मूल पाच उभ्या मांडणारच! त्यामुळे मोठ्याने मोजत मांडायला लावा आणि ‘पाच’ म्हणतानाच लाल काडी ठेवू द्या. काही मुले लाल काडीला गठ्ठा बांधणारी दोरी समजतात आणि चारच मोजतात. तेव्हा ती उचलून बाकीच्यांशेजारी उभी ठेवावी आणि पुन्हा मोजून घ्यावे. हे जमले की लाल रंग बंद करायचा. इथे मात्र संच अपुरा पडतो: २४ साध्या काड्यांत चारच गठ्ठे होतात, चार काड्या उरतात. आइस्क्रीमच्या काड्यांचे एक पाकीट सोबत घ्यावे.

कार्डांवर रेघा ठिपक्यांनी आधीच छापल्या आहेत. मूल त्या गिरवते, मोजत नाही. शिवाय डावखुऱ्या मुलाचा तळहात ओल्या रेघांवरून फिरतो आणि त्या पुसल्या जातात. त्यापेक्षा साधी पाटी-पेन्सिल बरी.

खुणांचा खरा उपयोग न थांबणाऱ्या गोष्टी मोजताना कळतो, आणि माहितीपत्रकात नेमके तेच नाही. पाटीवर रिक्षा आणि बस असे दोन रकाने आखा, खिडकीत बसा. एकाने सांगायचे, दुसऱ्याने रेघ ओढायची. पाच मिनिटे पुरतात. नंतर गठ्ठे पाच, दहा, पंधरा असे वाचायचे आणि सुट्या रेघा सोळा, सतरा अशा. सुट्या रेघांनाही मुले वीस, पंचवीस म्हणत पुढे जातात. गठ्ठ्याला टाळी आणि सुट्या रेघेला चुटकी ठेवली, की हा घोटाळा बहुधा थांबतो.