‘रिलेटेबल’ करून देणारा कोर्स: एका लिफ्टवाल्याचा अभिप्राय

मी लिफ्ट दुरुस्त करतो आणि जमेल तेव्हा ओपन माइकला जाऊन गोष्टी सांगतो. “गोष्टी भारी असतात तुझ्या, पण आपल्याशा वाटत नाहीत,” असं एका आयोजकाने तोंडावर सांगितलं, म्हणून हा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कथाकथनाचा कोर्स घेतला. नाव लिहीत नाही. पुढे बरंच वाकडं लिहिणार आहे आणि शिकवणारी माणसं मनाने चांगली होती.

पहिले काही आठवडे एकच मंत्र: स्वतःचं अपयश उघडं करा, लोक आपोआप जवळ येतात. मग काय, बॅचमध्ये रांगच लागली. नापास झालेले, नोकरी गेलेले, प्रेमात आपटलेले. प्रत्येकाचा आवाज त्याच ठिकाणी भरून यायचा, कारण साच्यात तिथे ‘पॉझ’ लिहिलेला होता. खरी दुःखंसुद्धा पाठ केल्यासारखी ऐकू येत होती, याचंच जास्त वाईट वाटलं.

या मंत्राला आधार म्हणून स्लाइडवर मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरन्सन यांचा 1966 चा प्रयोग होता: अंगावर कॉफी सांडणारा माणूस लोकांना जास्त आवडतो. स्लाइडवर आलेला हा अर्धाच प्रयोग. ज्याने आधी प्रश्नमंजुषेत जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर दिली होती, त्याच्याच बाबतीत कॉफी फायद्याची ठरली. ज्याला बेताचंच येत होतं, तो कॉफी सांडल्यावर आणखी नावडता झाला. म्हणजे याला आपलं काम येतं हे आधी समोरच्याला दिसायला हवं, धडपड नंतर. ही अट गाळून नवशिक्यांना कॉफी सांडायला लावायची, हे मला तरी पटलं नाही.

मी अडकलेल्या लिफ्टची गोष्ट सांगितली. शेरा आला, “फार टेक्निकल आहे, त्यापेक्षा आईबद्दल काही सांगा.” माझी आई ठणठणीत आहे आणि तिच्याबद्दल स्टेजवर सांगण्यासारखं जे आहे, ते सांगितलेलं तिला चालणार नाही.

मग चौथ्या आठवड्यात रंगभूमीवर काम करणाऱ्या एका बाईंचं पाहुणं सत्र झालं. पैसे वसूल झाले ते इथे. त्यांनी मला एवढंच विचारलं, “केबिन थांबली की आतली माणसं काय करतात? क्रमाने सांगा.” हे मला झोपेतही सांगता येईल. आधी तेच बटण पुन्हा दाबतात. मग जरा जोरात. मग सगळी बटणं. मग कुणीतरी छताकडे बघतं. मग सगळ्यांचे फोन बाहेर येतात आणि रेंज नसते. मग वर्षानुवर्षं एकाच इमारतीत राहणारी माणसं पहिल्यांदा एकमेकांना विचारतात, “तुम्ही कितव्या मजल्यावर?” आणि आम्ही दार उघडलं की आमच्याकडे न बघता, जणू आत काही घडलंच नाही अशी, भराभर निघून जातात.

माझी यादी छताशी पोचेपर्यंत एकीने माइक चालू केला होता: “अहो, मी लिफ्ट चालू असतानाही दोनदा दाबते!” तिथून सगळेच बोलायला लागले. बाईंनी माझ्या जुन्या संहितेतलं ‘आपल्या सगळ्यांनाच असं वाटतं’ हे वाक्य खोडलं. म्हणाल्या, “ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. तुम्ही फक्त बोट कुठे होतं ते सांगा.”

तांत्रिक शब्द काढावे लागतील असं मला वाटत होतं. त्यांनी ‘गव्हर्नर’ ठेवायला सांगितला, फक्त तो काय करतो ते हातांनी दाखवायचं. केबिनने ठरलेला वेग ओलांडला की गव्हर्नर अडकतो, त्याचा दोर खेचला जातो आणि केबिनखालचे जबडे रुळांना धरतात. दोर तुटून खाली कोसळू ही भीती ज्याच्या पोटात आहे, तो हे कान देऊन ऐकतो. मी लिफ्टचा सुरक्षा-ब्रेक बनवणाऱ्या एलिशा ओटिसचा किस्साही सांगितला: 1854 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात तो उंच उचललेल्या फळीवर उभा राहिला आणि गर्दीसमोर दोर कापायला लावला. फळी जराशी घसरून जागच्या जागी थांबली. बाईंनी विचारलं, “तो उभा कुठे होता?” फळीवरच की! खाली उभा राहून ‘घाबरू नका’ म्हणाला असता, तर कोण चढलं असतं? हा किस्सा मी नव्या पोरांना ब्रेकचा धडा म्हणून कितीदा ऐकवलाय, पण गड्याला स्टेज कळत होतं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

उरलेल्या कोर्सबद्दल थोडक्यात. व्हिडिओ कॉलवर हशा उशिरा येतो आणि सगळे म्यूट असले तर येतच नाही, त्यामुळे लय शिकायची सोय शून्य. सहाध्यायांनी एकमेकांना ‘रिलेटेबिलिटी’चे पाचपैकी गुण द्यायचे, हा प्रकार तर हास्यास्पद, सगळ्यांनी सगळ्यांना पाच दिले. रेकॉर्डिंग मात्र वेळेवर आणि स्वच्छ मिळाली.

कधीच स्टेजवर उभे न राहिलेल्यांची भीड या कोर्सने मोडेल. आधीपासून सादर करत असाल, तर पैसे भरण्याआधी पुढच्या बॅचला त्या बाई आहेत का, ते विचारून घ्या. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे, त्यातले दोन त्या एका सत्राचे.