जुना प्लांटेड टँक: एकदम मोकळा करायचा की तुकड्या-तुकड्यानं?

निपाणीच्या माझ्या मावसभावाचा प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेला माशांचा टँक, आता सात वर्षांचा झालाय. तीन फुटी आहे, साधारण दीडशे लिटरचा, पुढं क्रिप्टची (क्रिप्टोकोरिन या झाडाची) गर्दी, मागं व्हॅलिस्नेरियाची झाडं, आणि मधलं अमेझॉन स्वोर्डचं झाड एवढं फुगलंय की मासे बघायचे तर मान वाकडी करावी लागतेय. पानं बारीक यायला लागलीत, काचेवर शेवाळ धरतंय. तो विचारालाय, दादा, एकदा सगळं काढून नवी माती घालू की आहे त्यातच थोडं थोडं करू? मी वडगावच्या घरात दोन्ही केलंय, एक टँक पूर्ण मोकळा केला आणि दुसरा चार महिने लावून तुकड्यानं केला, म्हणून दोन्हीचं शेजारी शेजारी ठेवून सांगालोय.

पण कुठलाही रस्ता धरा, आधी केएच (पाण्यातला कार्बोनेट क्षार, जो पीएच धरून ठेवतो) आणि पीएच (पाणी किती आंबट ते) मोजायचं, हे सोडू नका. जुन्या टँकात बॅक्टेरिया माशांच्या घाणीतून येणाऱ्या अमोनियाचं नायट्रेट करताना पाण्यातला हा क्षार खात असतात, आपण वरचं उडालेलं पाणी नुसतं भरत राहिलो तर केएच संपत येतंय आणि पीएच सहाच्या खाली घसरतंय. अशा आंबट पाण्यात बॅक्टेरिया पण मंद पडतात, अमोनिया साठतो, फक्त तो कमी विषारी अमोनियमच्या रूपात असतो म्हणून मासे तग धरून असतात. आता आपण हौसेनं एकदम अर्धं पाणी बदललं की पीएच वर उडी मारतंय, आणि पीएच एकानं वाढलं तर विषारी अमोनियाचा वाटा जवळजवळ दहापट होतोय. लोक म्हणतात स्वच्छ पाणी घातलं आणि मासे मेले, ते असं. म्हणून आधी महिनाभर आठवड्यातून दोनदा दहा-दहा टक्केच बदला. बेळगावात नळाला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतंय, त्यात क्लोरीन असतंय, तेव्हा डीक्लोरिनेटर घालूनच, आणि विहिरीचं असेल तर त्याचं केएच वेगळं मोजून.

आता पूर्ण मोकळं करणं. याचा मोठा फायदा म्हणजे माती. अॅक्वासॉइलचे, म्हणजे टँकासाठी मिळणाऱ्या खतवाल्या दाणेदार मातीचे, दाणे काही वर्षांत फुटून चिखल होतात, त्यातलं खत तर वर्ष-दोन वर्षांतच संपलेलं असतंय, तो चिखल रूट टॅबनं (मुळाशी पुरायच्या खताच्या गोळीनं) काही परत दाणेदार होत नाही. नवी माती घातली की झाडं अशी उसळतात की बघत बसावं, आणि मांडणी पण मनासारखी नव्यानं करता येते. तीन फुटी टँकाला दोन इंच थर द्यायचा तर नऊ लिटरच्या दोन पिशव्या लागतात. पण नवी माती पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडत असते, आणि जुन्या मातीवर बसलेले बॅक्टेरिया तर आपण बाहेर फेकलेले असतात. राहतो फक्त फिल्टर. मी हे काम जुलैत काढलं आणि त्याच संध्याकाळी मासे परत सोडले. तिसऱ्या दिवशी पावसात लाईट गेली ती सहा तास, बंद कॅनिस्टरमधले (टँकाबाहेरच्या डबा-फिल्टरमधले) बॅक्टेरिया हवेविना गुदमरले, लाईट आल्यावर त्यातलं घाण पाणी सरळ टँकात आलं. सात टेट्रा मासे गेले. चार वर्षं सांभाळलेले होते, अजून वाईट वाटतंय.

म्हणून हा रस्ता धरला तर मासे जुन्या पाण्यात, मोठ्या टबात, तोच जुना फिल्टर चालू ठेवून राहू देत, आणि नव्या टँकात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत परत सोडायची घाई नको. त्याला तीन आठवडे पण लागतील, सहा पण. घरात तेवढी जागा आणि सवड आहे का हे आधी बघा.

तुकड्यानं करायचं म्हणजे टँकाचे मनातल्या मनात चार भाग पाडायचे आणि दर तीन-चार आठवड्यांनी एकच भाग हातात घ्यायचा. सायफनचा पाईप मुळाशी लावूनच झाड सावकाश वर ओढायचं, म्हणजे उठलेला काळा गाळ पाण्यात न पसरता बादलीत जातो. एकदा मी पाईप न लावता एक क्रिप्ट उपटलं तर खालून बुडबुडे आले आणि सडक्या अंड्याचा वास खोलीभर, तो हायड्रोजन सल्फाइड, माशांना वाईट. त्या आठवड्यात फिल्टरला हात लावायचा नाही, स्पंज धुवायचा तर पुढच्या आठवड्यात, टँकातल्याच पाण्यात. टँकाची लाईट रोज सहा तासांवर आणा, नाहीतर हललेल्या खतावर शेवाळ तुटून पडतंय.

क्रिप्टचं दोन्हीकडं सारखंच, हलवलं की पानं शिजलेल्या पालकासारखी विरघळतात. घाबरून फेकू नका, मूळ जिवंत असतंय, काही आठवड्यांत नवीन पान येतंय. फरक एवढाच की मोकळं केलं तर सगळी क्रिप्ट एकदम वितळतात आणि ते सडणं नव्या टँकाला झेपत नाही, तुकड्यानं केलं तर बाकीची झाडं ते पचवतात. खर्च पण तुकड्यातच कमी, रूट टॅब आणि थोडी माती. तोटा म्हणजे चार महिने टँक अर्धवट दिसतो, घरचे विचारत राहतात, आणि तळाचा चिखल पूर्ण काही जात नाही.

वेळ म्हणाल तर दोन्हीला मी फेब्रुवारी-मार्च धरेन. थंडीत आपल्याकडं पहाटे पाणी गार पडतंय, बॅक्टेरिया हळू वाढतात, मे महिन्यात नळाला पाण्याची ओढाताण असते आणि गरम पाण्यात ऑक्सिजन पण कमी मावतो, पावसाळ्याचं वर सांगितलंच.

ठरवायची एक साधी खूण मी वापरतो. चार कोपऱ्यांतून चमचा-चमचा माती काढून बोटात दाबायची. दाणा टिकला तर तुकड्यानं करा, सगळीकडं पेस्ट झाली असेल किंवा काचेचा जोड पाझरत असेल तर मोकळाच करा, मग दुसरा इलाज नाही. मावसभावाला व्हिडिओ कॉलवर हेच करायला लावलं, पुढचे दाणे घट्ट निघाले, फक्त स्वोर्डच्या खाली लगदा. त्याला तुकड्यानंच कर म्हणून सांगितलंय, आणि स्वोर्ड सगळ्यात शेवटी, कारण अमोनिया ओढून घेणारं ते सगळ्यात मोठं झाड आहे, ते आधीच काढलं तर बाकीचे तीन भाग हलवताना सांभाळणार कोण? पहिला उजवा कोपरा घेणार आहे. केएच दोन आलंय त्याचं, म्हणून फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत मूठभर ठेचलेले शिंपले टाकायला सांगितलेत, ते हळूहळू विरघळतात. पुढच्या रविवारी पाईप घेऊन मी स्वतः जाणार आहे.