दहा रुपयांचे टोकन आणि साठ हजारांचा महिना

नागपुरात शंकरनगर चौकाच्या मेट्रो स्थानकावर उतरून नाग नदीच्या दिशेने चालत गेले की एका उतरत्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाला लागून, व्हिडिओ गेमचे जुन्या पद्धतीचे एक दुकान आहे. त्याच्या पाटीवर इंग्रजीत भपकेबाज नाव लिहिलेले आहे, परंतु ते नाव मी आजवर कोणाच्याही तोंडून ऐकलेले नाही. आसपासच्या मुलांसाठी ते ‘मुस्तफावाले’ आहे, आणि तसे विचारल्यास कोपऱ्यावरचा पानठेलेवालाही बोट दाखवून रस्ता सांगतो. गेल्या वर्षभरात माझ्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन मी तिथे पंधरा-वीस वेळा तरी गेले असेन. मी व्यवसायाने लहान दुकानदारांचे हिशेब लिहिते, त्यामुळे मुलगा खेळत असताना माझे लक्ष पडद्याकडे कमी आणि गल्ल्याकडे जास्त असते. पुढील अभिप्रायात ती सवय डोकावेल, हे आधीच सांगून ठेवते.

‘मुस्तफा’ म्हणजे कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. त्यातील चार पात्रांपैकी एकाचे नाव मुस्तफा असल्यामुळे आपल्याकडे अख्ख्या खेळालाच ते चिकटले. माझ्या लहानपणी महाल भागात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून असेच एक दुकान होते आणि तिथे एका रुपयात एक डाव मिळे. माझा भाऊ आत खेळत असे आणि मी बाहेर त्याची सायकल धरून उभी असे, कारण मुलींनी अशा दुकानात पाऊल टाकायचे नाही, असा आमच्या घरचा नियम होता. भाऊ आत नाण्याला दोरा बांधून तेच नाणे पुन्हा वर ओढण्याची कला शिकत होता, हे घरी कळले असते तर हा नियम त्यालाही लागू झाला असता. सांगायचे इतकेच की त्या खेळाची धून मला तोंडपाठ होती आणि पडदा मात्र मी प्रथम पाहिला तो वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, शंकरनगरात.

दुकानात एकूण अकरा मशीन आहेत आणि कोणत्याही दिवशी त्यांपैकी आठ चालू असतात. आठच्या आठ मशीनवर जुन्या पिक्चर ट्यूबचे पडदे आहेत. हा केवळ हौसेचा भाग नाही. ट्यूबवर चित्र सेकंदाला सुमारे साठ वेळा, आले तसे रेखाटले जाते. स्वस्त सपाट पडदा तेच चित्र आधी आतल्या आत प्रक्रिया करून मग दाखवतो आणि त्यात जो अगदी किंचित उशीर होतो, तो ‘टेकन ३’ हा दोघांच्या मारामारीचा खेळ खेळणाऱ्या मुलांना लगेच जाणवतो. बंदुकीने नेम धरण्याच्या जुन्या खेळांचे तर ट्यूबवाचून पानच हलत नाही, कारण त्या काळची बंदूक ट्यूबवर सरकणाऱ्या प्रकाशाची वेळ मोजून नेम ओळखते. ट्यूब आता नवी मिळत नाही. ती भंगारातून शोधावी लागते, आणली तरी किती दिवस चालेल याची खात्री नसते, आणि ती बसवताना आत साठलेला वीस हजार व्होल्टच्या वरचा दाब आधी उतरवावा लागतो. हे काम मालक स्वतः करतात आणि त्या वेळी मुलांना शटरबाहेर काढतात.

त्यांची दुरुस्ती मी एकदा जवळून पाहिली. ‘टेकन’च्या मशीनची स्टिक डावीकडे जाईना, म्हणून त्यांनी समोरचा पत्रा उचलला. स्टिकच्या बुडाशी चार दिशांचे चार मायक्रोस्विच होते. त्यांतील एकाची पत्ती दाबून ते कान जवळ नेत, मग दुसऱ्याची दाबत, आणि ज्याची ‘टिक्’ बोथट झाली होती तो त्यांनी डोळे मिटून ओळखला. सीताबर्डीच्या मोदी नंबर तीन या गल्लीतून आणलेला नवा स्विच दोन कटिंग चहांच्या किमतीचा असेल, पण त्यासाठी मशीन वीस मिनिटे बंद राहिले आणि रांगेतली चार मुले कंटाळून निघून गेली. माझ्या वहीत मी स्विचची किंमत चाळीस रुपये लिहिली असती. खरी किंमत त्या चार मुलांच्या टोकनांसह काढायला हवी. अस्सल बोर्डांचे, म्हणजे ज्यांत खेळ साठवलेला असतो त्या मूळ सर्किटांचे, दुखणे याहून मोठे आहे. कॅपकॉमच्या त्या काळातील बऱ्याच बोर्डांवर एक लहानशी बॅटरी असते आणि खेळ उलगडण्याची किल्ली तिच्याच जिवावर टिकून असते; बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि धडधाकट दिसणारा बोर्ड मुका होतो. बंद असलेल्या तीन मशीनपैकी एकाचे हेच झाले आहे.

दुकानात शिरताच प्रत्येक मशीन विटांच्या चौथऱ्यावर चढवलेले दिसते. मला आधी ती सजावट वाटली होती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा या गल्लीतही गुडघाभर पाणी होते आणि दोन मशीन कायमची गेली. त्यानंतर हे चौथरे आले. त्यामुळे मशीन सुरक्षित झाली खरी, पण स्टिक आता दहा वर्षांच्या मुलाच्या छातीशी येते. मालकांनी चार प्लॅस्टिकचे स्टूल ठेवले आहेत, मात्र ते बहुतेक वेळा मोठी मुले बसायला पळवतात. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी एक स्टूल आधी ताब्यात घ्यावे, बाकी गप्पा नंतर.

आता पैशांकडे येते. एक पितळी टोकन दहा रुपयांना मिळते. गेल्या दिवाळीपर्यंत ते पाच रुपयांना होते आणि भाव दुप्पट केल्याची साधी सूचनासुद्धा दारावर लावलेली नव्हती, हे मला आजही खटकते. परंतु मालकांनी ज्या दिवशी त्यांची वही माझ्यासमोर उघडली, त्या दिवशी माझा राग निम्मा ओसरला. भाडे चोवीस हजार, मदतनीस मुलाचा पगार नऊ हजार, सुटे भाग आणि दुरुस्ती सरासरी पाच हजार, आणि मे महिन्याचे वीजबिल बावीस हजार, असे साठ हजार रुपये होतात. म्हणजे त्या महिन्यात सहा हजार टोकने खपली तर दुकान बरोबरीत येते, आणि मालकाचा स्वतःचा एक रुपयाही त्यात धरलेला नाही. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या बरीच आत असल्यामुळे त्यांना जीएसटी नोंदणी करावी लागत नाही. पण त्यामुळेच सुट्या भागांवर भरलेला कर वळताही होत नाही, तो खर्चातच मुरतो.

टोकनाच्या धंद्यात एक विचित्र गोष्ट आहे, जी मला किराणा किंवा कापडाच्या दुकानात कधीच दिसली नाही. इथे ग्राहक जितका जुना आणि निष्ठावान, तितका तो तोट्याचा. नवखा मुलगा तीन मिनिटांत हरतो आणि दुसरे टोकन घेतो. रोज येणारा, हात बसलेला मुलगा एकाच टोकनावर ‘मुस्तफा’ शेवटच्या बॉसपर्यंत नेतो आणि पाऊण तास मशीन अडवून ठेवतो. ‘टेकन’वर जिंकणारा जागचा हलत नाही, हरणारेच पैसे भरत राहतात. त्याच्याभोवती पाच-सहा मुले उभी राहून आरडाओरडा करतात, पडद्याखालच्या पट्टीवर टोकन ठेवून नंबर लावतात, आणि दुकानाला जी काही रौनक येते ती त्या घोळक्यामुळेच येते. परंतु घोळक्यातले निम्मे खिसे रिकामे असतात. यावर एक सोपा उपाय बोर्डावरच असतो. बऱ्याच जुन्या बोर्डांवर छोट्या पांढऱ्या खटक्यांची एक पट्टी असते आणि त्यांतले एक-दोन खटके सरकवले की शत्रू अधिक चिवट होतात, लाइफ कमी मिळतात आणि डाव लवकर संपतो. हे खटके मालकांनी हलवलेले नाहीत. मुलांना दोन दिवसांत कळते, असे ते म्हणाले. माझ्या मते या दुकानाबद्दल सांगण्यासारखी सर्वात चांगली गोष्ट हीच आहे.

नागपूरच्या उन्हाळ्याने हा हिशेब आणखी बिघडवला आहे. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, म्हणजे जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा सुटी चांगली लांबलचक असते आणि कोणालाही वाटेल की हाच हंगाम. पण पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, मेअखेरचा कडक उन्हाचा नवतपा लागला, की बारा ते पाच या वेळात कोणतेही घर पोराला बाहेर सोडत नाही. दुकान मात्र थंड ठेवावेच लागते, कारण मशीन आतून तापतात. कूलर चालत नाही; त्याच्या ओल्या हवेने पत्रे गंजतात आणि ट्यूबवर बसलेल्या धुळीचा चिखल होतो. म्हणून दोन एसी दिवसभर सुरू असतात. जानेवारीत आठ हजार येणारे बिल मे महिन्यात बावीस हजारांवर जाते आणि प्रत्यक्ष कमाई संध्याकाळी साडेपाच ते नऊ या साडेतीन तासांतच करावी लागते. त्या साडेतीन तासांत तिथे उभे राहायला जागा नसते, आवाज असह्य होतो आणि पालकांना बसायला एक बाकसुद्धा नाही. मी मे महिन्यात दोनदा जाऊन परत आले.

मी त्यांना सुचवले की टोकन बंद करून तासाप्रमाणे पैसे घ्या. साठ रुपये तास लावा आणि दुपारी बारा ते चार हा वेळ निम्म्या दराने आसपासच्या क्लासेसच्या मुलांना द्या. हात बसलेल्या मुलाने पाऊण तास मशीन धरले तरी मग नुकसान होणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ताई, हिशेब तुमचा बरोबर आहे. पण पोट्टं दहा रुपये घेऊन येते. साठ म्हटलं तर ते दारातूनच परत जाते, अन् त्याच्या मागचे चारही जातात.” मला हे पूर्ण पटलेले नाही. रविवारपुरता तरी तासाचा दर लावून पाहायला हरकत नव्हती. मात्र साठ रुपये एकरकमी काढू न शकणारा मुलगा माझ्या कागदावर कुठेच नव्हता, हेही खरे आहे.

त्या मुलाला मॉलमधल्या झगमगीत गेम झोनमध्ये स्थान नाही. तिथे आधी कार्ड रिचार्ज करावे लागते, बरेचसे खेळ एक-दीड मिनिटात संपतात आणि तिकिटे जमवून टेडी घेण्यातच मुलांचा जीव अडकतो. एसी उत्तम, स्वच्छतागृह उत्तम, आणि शेजारी कोण खेळत आहे याच्याशी कोणाला काही देणेघेणे नाही. खरी स्पर्धा मात्र मॉलशी नसून खिशातल्या मोबाइलशी आहे. तो फुकट आहे आणि घरच्या पंख्याखाली चालतो.

अशा दुकानांवर जुगाराचा संशय अजूनही घेतला जातो, आणि त्याला कारणेही आहेत. व्हिडिओ गेम पार्लरच्या आडून जुगार चालल्याच्या बातम्या या शहराने वाचलेल्या आहेत. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केला, तेव्हा इथल्या कोणत्याही मशीनमधून एक रुपयाही परत मिळत नसताना शेजाऱ्यांनी मालकांना “आता तुमचंही बंद का?” असे विचारले. घरमालकाने त्याच महिन्यात भाडेकरार अकराऐवजी सहा महिन्यांचा केला. या सगळ्यावर दुकानाचे उत्तर म्हणजे काचेचे दार, भरपूर उजेड आणि ‘शाळेच्या गणवेशात प्रवेश नाही’ ही मोठी पाटी. ही पाटी ते काटेकोरपणे पाळतात. माझ्यादेखत त्यांनी तीन मुलांना घरी जाऊन कपडे बदलून यायला सांगितले. त्यांपैकी एकच परत आला.

मुलींची संख्या अजून कमी आहे, परंतु शनिवारी सकाळी दहा ते बारा तीन-चार मुली नियमित येतात आणि त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही. मीही त्याच वेळेत पट्टीवर टोकन ठेवते. माझा नंबर आला की मुलगा दूर जाऊन उभा राहतो, कारण मी पहिल्या स्टेजच्या पुढे जात नाही.

तक्रारी आणखी आहेत. बंद मशीनवर तसा कागद चिकटवलेला नसतो, त्यामुळे माझी दोन टोकने गेली. मदतनीस मुलाने ती परत द्यायला बरीच कुरकुर केली आणि शेवटी एकच दिले. झिजलेली टोकने कॉइन बॉक्स स्वीकारत नाही, तरी तीच फिरवली जातात. स्वच्छतागृह नाही. दुकान सोमवारी बंद असते. दुचाकी झेरॉक्सच्या दुकानासमोर लावू नये, तिथला दुकानदार भांडतो. बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना मी हे दुकान निःशंकपणे सुचवेन, त्याहून लहानांना फक्त शनिवारी सकाळी. आणि चौथ्या मशीनवर उजव्या बाजूने खेळू नये. तिथले उडीचे बटण, मी हे लिहीपर्यंत तरी, तिसऱ्या दाबाला एकदा लागत होते.