होज (नळी) असलेला मिनी पंप : वर्षभर सायकलच्या फ्रेमवर लावून वापरल्यावर

आधी मी टायर भरायला फक्त सीओटूची (कार्बन डायऑक्साइड गॅसची) १६ ग्रॅमची काडतुसं सॅडल बॅगेत ठेवायचो, हलकी असतात आणि टायर काही सेकंदात टणक होतो हे खरंय, पण एक काडतूस म्हणजे एकच संधी, व्हॉल्व्हवर हेड (गॅस सोडणारं तोंड) नीट बसलं नाही की सगळा गॅस फुस्स. शिवाय सीओटू ट्यूबच्या रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी परत हवा भरावीच लागते. म्हणून हा पंप घेतला.

सगळ्यात आवडलं ते याचं छोटं होज. थेट व्हॉल्व्हवर दाबून बसवायचे पंप मारताना हलतात आणि प्रेस्टा व्हॉल्व्हची (रोड सायकलींना असतो तो बारीक व्हॉल्व्ह) बारीक पिन वाकते, माझी एकदा वाकलीये. इथे तो ताण येतच नाही. पंपाचं हेड उलटं केलं की श्रेडरलाही (मोटारीच्या टायरला असतो तसा जाड व्हॉल्व्ह) चालतं. २८ एमएमच्या टायरला ७० पीएसआय दाबापर्यंत जायला दोनशेच्या वर स्ट्रोक लागतात, शेवटचे पन्नास खरंच जड जातात, हात भरून येतात.

ब्रॅकेट बॉटल केजच्या खाली त्याच दोन स्क्रूंवर बसतं. पण सोबतचा रबरी पट्टा ढिला आहे, खडबडीत रस्त्यावर पंप खडखडतो, मी वेल्क्रो गुंडाळला तेव्हा कुठे शांत झाला. आणि पंप उघड्यावर राहतो त्यामुळे चिखल उडतो, पावसाळी राइडनंतर पुसून घ्या नाहीतर आतलं सील खराब होतं. होजचं तोंड झाकायला टोपी दिलीये, ती हरवू देऊ नका.