धरमपेठेतला पुरीमचा अभ्यासवर्ग: पैसे वसूल, पण नववा अध्याय घाईत उरकला

नागपुरात धरमपेठेत एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमधे ज्यू सणांवर संध्याकाळचे वर्ग चालतात, त्यातला पुरीमचा केला. फी 600 रुपये, चार बैठका. शिकवणाऱ्या मॅडम रिटायर्ड प्राध्यापक, रायगडकडच्या बेने इस्रायल (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) घरातल्या, म्हणजे मराठी आपलीच, फक्त कोणी 'काहून' म्हटलं की हसतात. त्यांच्याकडे जुनी माणसं पुरीमला होळीचा सणच म्हणायची म्हणे, आणि 2025 मधे तर पुरीम अन् धुळवड दोन्ही 14 मार्चलाच आले होते.

गोष्ट बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकातली, दहाच अध्याय. पहिल्याच ओळीत हिंदुस्थान येतो, इराणचा राजा अहश्वेरोश याचे 127 प्रांत हिंदुस्थानापासून कूशपर्यंत (इजिप्तच्या दक्षिणेकडचा मुलूख). त्याचा वजीर हामान चिठ्ठ्या टाकून ज्यूंच्या कत्तलीचा दिवस ठरवतो आणि राणी एस्तेर अन् तिला वाढवणारा चुलतभाऊ मर्दखय तो डाव उलटवतात. हे खरंच घडल्याचा पुरावा पुस्तकाबाहेर सापडत नाही हे मॅडमनी आधीच सांगून टाकलं, ते मला आवडलं.

पण खरी मजा पुढे. अख्ख्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही नाही! तालमूद या ज्यूंच्या जुन्या चर्चाग्रंथातले रब्बी, म्हणजे धर्मपंडित, विचारतात की तोरामधे, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, एस्तेर कुठे आहे, आणि बोट ठेवतात कुठे तर 'मी आपलं मुख लपवीन' या देवाच्या वाक्यावर. इथे समुद्र दुभंगत नाही, आकाशवाणी होत नाही, एका रात्री राजाला झोप लागत नाही, तो दरबारची बखर वाचायला लावतो, त्यात मर्दखयने त्याचा जीव वाचवल्याची जुनी नोंद निघते आणि तिथून हामानचे दिवस फिरतात. आता याला योगायोग म्हणा नाहीतर देव म्हणा, पुस्तक काहीच सांगत नाही, आणि मर्दखय एस्तेरला म्हणतो तेही तसंच, तू गप्प राहिलीस तरी सुटका दुसरीकडून येईलच, पण कोण जाणे, तू अशाच वेळेसाठी राणी झाली असशील. यावर पूर्ण बैठक गेली अन् एकही माणूस घड्याळ बघत नव्हता.

दारूचा भाग ऐकायला मागची पोट्टे मंडळी सरसावून बसली. रावा नावाचे रब्बी म्हणतात की पुरीमला इतकं प्यावं की 'हामानला शाप' आणि 'मर्दखयला आशीर्वाद' यातला फरक कळू नये. पण तालमूद लगेच पुढची गोष्ट सांगतं: राब्बा (हे रावा नव्हेत, दुसरे रब्बी) आणि रब्बी झेरा सोबत प्यायले, राब्बांनी नशेत झेरांचा गळाच कापला, दुसऱ्या दिवशी प्रार्थना करून जिवंत केलं, पुढच्या वर्षी परत बोलावलं तर झेरा म्हणाले, नको बाप्पा, चमत्कार दरवेळी होत नसतो. हॉल हसून लोटपोट.

मला सगळ्यात भिडली ती दानाची बैठक. पुरीमला निदान एकाला दोन खाद्यपदार्थ पाठवायचे आणि निदान दोन गरिबांना दान द्यायचं, जो स्वतः दानावर जगतो त्यानेही. आणि त्या दिवशी चौकशी नाही, हात पुढे केला की द्यायचं. बाराव्या शतकातले ज्यू पंडित मायमोनिडीज तर लिहून गेलेत की मेजवानी अन् डब्यांपेक्षा गरिबांवर जास्त खर्च करा, कारण गरीब, अनाथ, विधवा आणि परके यांना खूश करण्याइतका मोठा आनंद नाही. आपण सीताबर्डीच्या सिग्नलवर दहा रुपये द्यायच्या आधी मनातल्या मनात अख्खी मुलाखत घेतो राजेहो, म्हणून हे जरा लागलं.

शेवटी पुरीमला एस्तेरचं पुस्तक वाचतात तसं वाचन करून दाखवलं. हामानचं नाव आलं की खुळखुळे, ताटल्या, पाय आपटणं, आपल्या मारबतीच्या मिरवणुकीसारखाच कल्ला, पण लगेच शांत व्हायचं कारण वाचनाचा एकही शब्द चुकवायचा नसतो.

एक तारा कापतोय तो नवव्या अध्यायासाठी. राजाचा कत्तलीचा पहिला हुकूम रद्द करता येत नाही म्हणून ज्यूंना लढायची परवानगी देणारा दुसरा निघतो, आणि मग 75,000 शत्रू मारले गेल्याचा आकडा येतो. लुटीला त्यांनी हात लावला नाही हे पुस्तक तीनदा सांगतं, ते बरोबर, पण वाचलेल्या माणसांनी एवढ्या मरणानंतर सण कसा करायचा हा प्रश्न एका काकूंनी विचारला तेव्हा मॅडम म्हणाल्या वेळ झाला. मी म्हणतो दारूचा अर्धा तास कमी करा अन् इथे द्या.

बाकी खसखशीचं सारण भरलेली तिकोनी बिस्किटं मस्त होती, नोट्सची झेरॉक्स भिंग घेऊन वाचावी इतकी बारीक, पंखे दोनच आणि खाली पार्किंगचे वांधे. वल्हांडणाच्या (पासओव्हर या ज्यू सणाच्या) वर्गाची नोंदणी सुरू आहे, जाणार असाल तर पुढची खुर्ची धरा, मागे माईकचा आवाज पोचत नाही.

चार तारे.